मकबूलचाचांचा चांगला आलेला रिपोर्ट

१

मेलेल्या माणसाच्या फाइलीत रक्ताचे दोन रिपोर्ट होते आणि ते दोन वेगळ्या माणसांचे होते.

हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नव्हती. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीच्या रिपोर्टात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, तीन लाख बारा हजार होत्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या एकसष्ट हजार. पहिल्या रिपोर्टात यकृत ठणठणीत होतं आणि ‘बी’ काविळीच्या विषाणूचा मागमूस नव्हता. दुसऱ्यात तोच विषाणू होता आणि यकृत पार मोडकळीला आलेलं होतं. वीस वर्षांत होणारी नासाडी चार दिवसांत होत नाही.

डॉ. सुनीती आठल्ये दोन्ही कागदांकडे आलटून पालटून पाहत बसल्या होत्या. तुर्भ्याच्या कारखान्यांमध्ये आणि ट्रकांच्या रांगांमध्ये उभ्या असलेल्या या ट्रस्टच्या कॅन्सर रुग्णालयाची लॅब त्यांनीच उभी केली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इथल्या कपाटांना अजून त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. रुग्णालय फक्त मोठ्या माणसांचं. आजारी मूल आलंच तर त्याला मुंबईचा रस्ता दाखवत, त्यामुळे लॅबमध्ये मुलांसाठीच्या छोट्या नळ्यासुद्धा कुणी ठेवत नसे.

मेलेला माणूस मकबूल तुंगेकर, वय त्रेसष्ट, राहणार सीवूड्स. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. पहिला रिपोर्ट पाहून सर्जननं निर्धास्तपणे पोट उघडलं होतं. नवव्या दिवशी पेशंट यकृत निकामी होऊन गेला.

ट्रस्टचे व्यवस्थापक दिलीप सामंत समोर उभे राहून पेनची उघडझाप करत होते. त्यांचं म्हणणं होतं की प्रकरण अगदी सरळ आहे. लॅबच्या मुलीनं नळ्यांची अदलाबदल केली. मुलानं पोलिसांत तक्रार दिलीच आहे, सोमवारी तिचं नाव पोलिसांना कळवायचं आणि मोकळं व्हायचं. चौकशीसाठी बाहेरून बोलावलेल्या सुनीतीबाईंनी फक्त अहवालावर सही करायची.

“कोणती मुलगी?” सुनीतीबाईंनी विचारलं.

सामंतांनी नळ्यांच्या नोंदीवरची सही दाखवली. ती सही सुनीतीबाईंना चांगली ओळखीची होती. उन्नती. हिला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं आणि नळीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नसे, यावर त्या पैज लावायला तयार होत्या.

सोमवारला चार दिवस होते. सही आज होणार नाही, असं त्यांनी सामंतांना सांगून टाकलं.

२

सर्जन डॉ. शिवतेज राणे पंचेचाळिशीचे, हुशार आणि ते स्वतःला पक्कं ठाऊक असलेले. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. चहा मागवला आणि प्यायचं विसरून गेले.

“पोट उघडलं आणि यकृत दिसलं मॅडम. गाठीगाठींचं. माझ्या पायाखालची जमीन सरकली.”

“मग पोट बंद का नाही केलंत?”

“तोवर आतडं सोडवून झालं होतं. रक्त थांबत नव्हतं. मागं फिरायची जागाच राहिली नव्हती.”

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं आणि सुनीतीबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. अशा यकृताच्या माणसाला नुसती भूलसुद्धा जड जाते. यकृताला जाणारं रक्त कमी होतं आणि आधीच दमलेलं यकृत बसकण मारतं. रक्त गोठत नाही, जखम भरत नाही, पोटात पाणी साठतं, त्यात जंतू शिरतात आणि शेवटी माणूस आपल्या माणसांना ओळखेनासा होतो. मकबूल तुंगेकरांचं नेमकं याच क्रमानं झालं. मोठं ऑपरेशन केलं तर अशा तिघांतला एक तरी घरी जात नाही. हे आधी कळलं असतं तर राण्यांनी त्यांना आधी यकृताच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, काही महिने औषधं दिली असती. तरी सुधारलं नसतं तर लहानसहान उपायांवर भागवलं असतं.

“सीटी स्कॅनवर काहीच नव्हतं?”

राण्यांनी मान खाली घातली. एक ओळ होती. यकृताचा पृष्ठभाग किंचित खडबडीत वाटतो, रक्ताच्या रिपोर्टाशी ताडून पाहावं. त्यांनी ताडून पाहिलं होतं. रिपोर्ट चांगला होता.

“सगळाच चांगला?”

“एक आकडा वर होता. अल्कलाइन फॉस्फेटेज तीनशे अठ्ठावीस. यकृतातून नाहीतर हाडांतून येतं ते. म्हटलं, कॅन्सरचा पेशंट आहे, एवढं चालायचंच. उलट तो आकडा बघून मला रिपोर्ट जास्तच खरा वाटला.”

सुनीतीबाईंनी तो आकडा वहीत टिपला. का टिपला ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. तुम्ही पुन्हा एकदा रक्त का तपासलं नाही, हा प्रश्न मात्र त्यांनी विचारला आणि राण्यांनी गार झालेला चहा बाजूला सारला.

निघताना त्यांनी सहज विचारलं, की पेशंटला सुई टोचायला त्रास झाला होता का.

“फार. वॉर्डात दोन्ही हातांना मिळून पाच वेळा टोचलं. शीर सापडेना. शेवटी भूलतज्ज्ञांनी मानेतल्या शिरेतून लाइन घेतली.”

३

उन्नती लॅबच्या मागच्या खोलीत बसली होती. तिला कामावरून बाजूला केलं होतं, पण घरी जा असंही कुणी सांगितलं नव्हतं. उरणजवळच्या गावातली ही मुलगी, मिठागरावर राबलेल्या बापाची. घरातला पगार तिचाच एकटीचा. सुनीतीबाईंना पाहून ती उठली आणि उभीच राहिली.

“बस ग. मकबूल तुंगेकरांचं रक्त तू काढलंस?”

“हो मॅडम.”

“कितीदा टोचलंस?”

“एकदा. उजव्या हाताला. पटकन मिळालं.”

ज्या हातांत पाच वेळा टोचूनही वॉर्डातल्या नर्सला थेंब मिळाला नाही, तिथं हिला एका झटक्यात दोन नळ्या मिळाल्या होत्या. सुनीतीबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. उन्नती खोटं बोलत होती आणि तिला ते धड जमतही नव्हतं.

“उन्नती, सोमवारी तुझं नाव पोलिसांकडे जाणार आहे. निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा. नोकरी तर गेलीच, पुन्हा कुठल्याच लॅबमध्ये तुला कुणी उभं करणार नाही. कळतंय का तुला?”

“कलतंय,” ती म्हणाली. घाबरली की तिची गावची बोली वर येई. “पन मी नळ्या नाय बदलल्या मॅडम. आईची आन.”

हे मात्र खरं होतं. सुनीतीबाईंना दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, की या मुलीनं नळ्या बदललेल्या नाहीत आणि या मुलीनं रक्तही काढलेलं नाही. त्यांनी आणखी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा उन्नतीनं तेच उत्तर दिलं.

४

मुलगा शहजाद द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला होता, कंटेनरच्या कागदपत्रांचा साहेब. सुनीतीबाई तिथं पोचल्या तेव्हा तो फोनवर कुणालातरी झापत होता. त्यांनी ओळख सांगताच त्यानं फोन ठेवला आणि तोच आवाज त्यांच्यावर लावला.

“मॅडम, तुमी चौकशी करा नाहीतर काही करा. माझा बाप चालत गेला होता हॉस्पिटलमध्ये. चालत. त्या पोरीला आत टाकल्याशिवाय मी गप बसणार नाय.”

सुनीतीबाईंनी त्याला बोलू दिलं. रागावलेल्या माणसाला मध्ये अडवलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, हे त्यांना चाळीस वर्षांत पुरेपूर कळलं होतं. पाच मिनिटांत त्याचा राग ओसरला आणि त्याच्या जागी रडू आलं. मग तो वडिलांबद्दल बोलायला लागला.

मकबूल तुंगेकरांनी उरणच्या एका दवाखान्यात अडतीस वर्षं कंपाउंडरची नोकरी केली होती. गावात डॉक्टरपेक्षा त्यांचंच नाव जास्त. रडकी पोरं घेऊन आया यायच्या त्या मकबूलचाचांच्या हलक्या हातासाठी. सुई कधी आत गेली ते पोराला कळायचंसुद्धा नाही.

“त्यांना आधी काही दुखणं?”

“काहीच नाही. उलट सहा महिन्यांपासून तब्येतीला जपत होते. जेवणात मीठच बंद केलं. अम्मी ओरडायची, बेचव खाता म्हणून. हसायचे नुसते. आणि मला म्हणायचे, शहजाद, डॉक्टर पोटाला घाबरत नाही, रिपोर्टला घाबरतो.”

“चपला वगैरे बदलल्या होत्या का त्यांनी?”

शहजाद गोंधळला. मग म्हणाला की हो, दोनदा. घट्ट होतात म्हणायचे. पण त्याचा इथं काय संबंध, हे त्याला कळेना.

सुनीतीबाईंना संबंध लख्ख दिसत होता. यकृत थकलं की पायांवर सूज येते आणि सूज उतरायला पहिलं मीठ तोडतात. अडतीस वर्षांच्या कंपाउंडरला हे पाठ असणार. घरात कोण कोण असतं, एवढं त्यांनी विचारून घेतलं. अम्मी, म्हणजे शरीफा, सध्या इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावरचा एकांतवास, पाळत आतल्या खोलीत. बहीण सिदरा, शाळेत शिक्षिका, नवऱ्यापासून वेगळी झालेली. आणि तिची मुलगी मिस्बाह. शहजाद स्वतः उलव्याला वेगळा राहत होता.

परतीच्या वाटेवर सुनीतीबाईंना एकच गोष्ट छळत होती. मकबूलचाचांना आपलं यकृत गेलेलं आहे हे माहीत होतं. माहीत असून हा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर स्वतःच्या पायानं चढला होता.

५

शुक्रवारी सकाळी त्यांनी लॅबची नोंदवही मागवली. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, सोमवारी सकाळी तेवीस जणांचं रक्त आलं होतं. अदलाबदल झाली असेल तर मकबूलचाचांच्या नावावरचं निरोगी रक्त उरलेल्या बावीसांपैकी कुणाचं तरी असणार. मूळ नमुना सात दिवसांनी नियमाप्रमाणे फेकून दिलेला, त्यामुळे हाती फक्त आकडे होते.

त्यांनी पुन्हा तो चांगला रिपोर्ट पुढ्यात घेतला. प्रत्येक जण त्यात यकृत शोधत होता. सुनीतीबाईंनी ठरवलं की यकृत विसरायचं आणि हे रक्त ज्याच्या अंगातून आलं तो माणूस शोधायचा.

अल्कलाइन फॉस्फेटेज तीनशे अठ्ठावीस. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक पाच. पहिला आकडा राण्यांनी आजार म्हणून सोडून दिला होता आणि दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण तो वाढला की डॉक्टर धावतात, कमी असला की खूश होतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. एवढं कमी, म्हणजे अंगावर मांस बेताचं. आणि फॉस्फेटेज यकृतातून येत नसेल तर हाडांतून येतं. कॅन्सर नसलेल्या निरोगी माणसाची हाडं एवढं का ओततील?

त्यांचा हात कागदावर थांबला. हाडं वाढत असतील तर ओततील.

हे रक्त लहान मुलाचं होतं. दहा, अकरा, फार तर बारा वर्षांचं.

मग त्यांनी नोंदवहीतली तेवीस वयं बोटानं एकेक करून तपासली. सगळ्यात लहान एकतीस वर्षांचा. या इमारतीत लहान मूल येतच नव्हतं, तर त्याच्या रक्ताशी अदलाबदल होणार कशी? म्हणजे ते रक्त नळीत भरूनच बाहेरून आलं होतं.

त्या तडक मागच्या खोलीत गेल्या.

“उन्नती, नळ्या भरून कुणी आणल्या?”

या वेळी मुलगी कोसळली. तिच्या बापाला विंचू चावला तेव्हा रातोरात इंजेक्शन देऊन वाचवणारे मकबूलचाचा. तिला सुई धरायला शिकवताना स्वतःचा हात पुढे करणारे मकबूलचाचा. आदल्या शनिवारी ते लॅबमध्ये आले आणि रिकाम्या नळ्या आणि आपल्या नावाचे स्टिकर मागून घेऊन गेले.

“बोलले, माजी शीर कोनाला भेटत नाय, तुमी पोरी मला चाळणी कराल. मी घरी माज्या हातानं काढून आनतो. चाचांना कशी नाय बोलू मॅडम? त्यांनी हजारो लोकांचं काढलंय. सोमवारी भरून आनल्या, मी सही केली. काढलं मी, असं लिवलं.”

“आणि इतके दिवस गप्प का राहिलीस?”

“खोटी सही केली म्हनून नोकरी जाईल, ही भीती होतीच. पन दुसरं पन हाय. चाचा गेले. आता त्यांच्यावर कसं ढकलू?”

सुनीतीबाईंना तिचा राग आला आणि तिची दयाही आली. लॅबचा पहिला नियम मोडलेला होता आणि तो आदरापोटी मोडलेला होता. पण पोलिसांना आदर दाखवून भागणार नव्हतं. उन्नती म्हणते तसं घडलं याला पुरावा काय? आणणारा मेलेला आणि नमुना फेकलेला. आता ते मूल सापडलं तरच ही मुलगी वाचणार होती.

आणि मूल कुठं आहे हे सुनीतीबाईंना कळून चुकलं होतं. त्यांना ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

६

शनिवारी दुपारी सीवूड्सच्या फ्लॅटचं दार सिदरानं उघडलं. चौतिशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हॉलमध्ये सोफा रिकामा होता, पण एक मुलगी खिडकीजवळच्या स्टुलावर एकटीच बसलेली होती. आईनं आत जायला सांगितल्यावर ती भिंतीच्या कडेकडेनं गेली. आजोबा गेल्यापासून अशीच वागते, सिदरा म्हणाली. कुणाच्या जवळ बसत नाही, आजीजवळ झोपतही नाही.

सुनीतीबाईंनी आडवळणं घेतली नाहीत. लॅबला मिळालेलं रक्त तुमच्या वडिलांचं नव्हतं आणि ते याच घरातून आलं, असं सरळ सांगितलं.

सिदरा जणू या वाक्याची वाटच पाहत होती. तिनं कपाटातून एक जुनी फाइल काढून समोर ठेवली. मुंबईच्या एका डॉक्टरांची, सात महिन्यांपूर्वीची. मकबूलचाचा तिथं एकटेच गेले होते. काविळीचा विषाणू, आक्रसलेलं यकृत, आतड्यात गाठ, सगळं त्यात होतं. शेवटी डॉक्टरांनी ठळक लिहिलं होतं की यकृत सुधारल्याशिवाय ऑपरेशन करू नये.

“अब्बांनी घरात फक्त कॅन्सर सांगितला. ही फाइल त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या वह्यांत ठेवली होती. नवीन डॉक्टरला जुनं काही दाखवायचं नाही, कोऱ्या नजरेनं बघू दे, असं म्हणायचे. आमच्याकडे सगळेच असं करतात.” तिनं श्वास घेतला. “आणि रक्त माझं होतं. मी दिलं. माझं नाव लिहा.”

“तुम्हाला ही फाइल कधी सापडली?”

“ते गेल्यावर.”

“मग आधी रक्त कशासाठी दिलंत? यकृताचं तुम्हाला माहीतच नव्हतं.”

सुनीतीबाईंनी रिपोर्ट तिच्यासमोर धरला आणि दोन आकड्यांवर बोट ठेवलं. शिक्षिकेला समजावं तसं त्यांनी तिला समजावलं, की हाडं वाढायची थांबली की हा आकडा खाली येतो. चौतीस वर्षांच्या बाईचा तो असा येणार नाही.

“सिदरा, हे वाढत्या वयाच्या मुलाचं रक्त आहे.”

सिदरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फाइल सापडल्यावर ती हादरली होती. त्याच आठवड्यात मिस्बाहला आंघोळीला मदत करताना तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला फिकट डाग दिसला. विचारल्यावर मुलीनं एवढंच सांगितलं की नानांनी रक्त घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. सिदरानं पुढं काही विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

आता सगळं जुळत होतं. मोठ्या माणसाकडे रक्त मागितलं असतं तर त्यानं कशाला म्हणून विचारलं असतं. अकरा वर्षांची नात विचारणार नाही आणि तिचं रक्त निर्मळ असणार, हे कंपाउंडरला ठाऊक होतं. पहिल्या डॉक्टरांना ऑपरेशनपासून अडवलं ते रिपोर्टानं. मग रिपोर्टच चांगला असला म्हणजे झालं. लोकांच्या शिरा आणि डॉक्टरांचे चेहरे वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या मकबूलचाचांना शेवटी असं वाटलं की अडचण डॉक्टरच्या मनात आहे. ती त्यांच्या स्वतःच्या पोटात होती.

“मॅडम, पाया पडते,” सिदरा म्हणाली. “माझं नाव लिहा. मी जेलमध्ये जाईन. पण माझ्या मुलीला आयुष्यभर हे नको. तिच्या रक्तानं तिचे नाना गेले, हे तिला कळता कामा नये.”

एका बाजूला काहीही न बदललेली उन्नती होती आणि दुसऱ्या बाजूला काहीही न कळलेलं हे लेकरू. अहवालात एकीला वाचवायचं तर दुसरीला बुडवायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुठला कागद लिहायची इतकी धास्ती वाटली नव्हती.

“मला कळलंय,” मागून आवाज आला.

मिस्बाह दारात उभी होती.

७

ती आत आली नाही. उंबऱ्यापाशीच थांबली आणि हात पाठीमागे बांधून घेतले.

“तुम्ही रक्ताच्या डॉक्टर ना?” तिनं विचारलं. “मग माझं रक्त तपासाल? त्यात काय खराब आहे ते मला बघायचंय.”

सिदरा उठायला लागली. सुनीतीबाईंनी तिला हातानंच थांबवलं.

“खराब आहे असं तुला का वाटतं?”

“नाना म्हणाले होते, तुझं चांगलं रक्त मला लागणार आहे, त्यानं माझं ऑपरेशन होईल. मग त्यांना ते दिलं आणि ते पिवळे झाले. मला ओळखेनात. नववा दिवस होता.” ती न रडता बोलत होती, आणि ते ऐकवत नव्हतं. “म्हणून मी नानीजवळ जात नाही. तिला काही व्हायला नको.”

लेकीला जे कळू नये म्हणून ती तुरुंगात जायला निघाली होती, त्याहून भयंकर काहीतरी ती मुलगी एकटीच महिनाभर उराशी धरून बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच स्वतःला सांगून टाकलं होतं.

सुनीतीबाई गुडघे धरत उठल्या आणि मिस्बाहसमोर जमिनीवर बसल्या. सदुसष्टाव्या वर्षी जमिनीवर बसणं सोपं नव्हतं, पण या मुलीशी वरून बोलणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी रिपोर्ट तिच्या हातात दिला.

“वाच. हे तुझं रक्त. यातला एकेक आकडा मी तीन दिवस तपासतेय. इतकं चांगलं रक्त मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि नीट ऐक, ते तुझ्या नानांना कधीच दिलं नाही. एक थेंबही नाही. ते नळीत होतं, मशीननं मोजलं आणि मग आम्ही टाकून दिलं.”

मिस्बाहनं कागद वाचला. तिला त्यातलं काही कळलं नसणार, पण तिनं तो शेवटपर्यंत वाचला.

“टाकून दिलं?”

“हो.”

“मग घेतलं कशाला?”

इथं खोटं बोलता आलं असतं. सिदराचे डोळे तेच मागत होते. पण या घरातल्या एका खोट्यानं एक माणूस नेला होता, दुसऱ्यानं एका मुलीची नोकरी खाल्ली होती आणि न सांगण्यानं हे लेकरू आपल्याच अंगाला घाबरत होतं. सुनीतीबाईंनी चौथं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं.

“डॉक्टरांना दाखवायला. तुझे नाना फार घाबरले होते ग. त्यांना जगायचं होतं. स्वतःचं रक्त दाखवलं तर डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तुझं दाखवलं. ती त्यांची चूक होती. तू लहान आहेस आणि त्यांनी मागितलं ते तू दिलंस. यात तुझं काहीही चुकलं नाही.”

मिस्बाहनं कागदावरून मान वर केली. “मग ते मेले कशानं?”

“त्यांनी त्यांचं स्वतःचं रक्त कुणालाच दाखवलं नाही,” सुनीतीबाई म्हणाल्या. “त्यानं.”

तेव्हा मुलगी रडली, महिन्याभरात पहिल्यांदाच. आतल्या खोलीतून शरीफानं काय झालं म्हणून हाक मारली आणि मिस्बाह तो कागद तसाच हातात घेऊन धावत आजीकडे गेली.

सिदरानं फोन उचलून भावाला लावला आणि त्याला सांगितलं की त्या लॅबच्या मुलीनं काही केलेलं नाही, पोलिसांत आता तिचं नाव घेऊ नकोस, आधी घरी ये, अब्बांबद्दल सांगायचंय.